वेंग यांचा कॉम्प्युटर जमैकाला गेला

"कॉम्प्युटर म्हणजे काय हो, शेवटी एक पेटीच! आत वीज शिरते, बाहेर चित्र येतं. आणि विजेबद्दल मला या तुंगकांग बंदरात कुणी शिकवू नये!"

देवळासमोरच्या बाकावर बसून वेंग तिएन-तिंग यांनी हे वाक्य टाकलं, तेव्हा अर्थमंत्री अंदाजपत्रक मांडतोय असंच वाटलं असतं. वेंग वीज कंपनीतून निवृत्त झाले होते. इंजिनिअर म्हणून नव्हे, मीटर वाचणारे म्हणून! अडतीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली आणि कोंबड्यांच्या खुराड्यामागे वाकून वाकून त्यांनी आकडे टिपले. एवढ्या वर्षांत विजेचा झटका एकदाही बसला नाही. त्यावरून वीज आपल्याला टरकून असते, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता.

शेजारी लियाव बसला होता. मासळीचे गोळे करून विकणारा, वेंग यांच्या समोरच्याच घरात राहणारा.

"मला बाबा एवढं काही कळत नाही," लियाव म्हणाला. "माझा प्लेअर आहे बाजारातला. कुठलीही डीव्हीडी घाल, मुकाट चालवतो."

"तो डबा? त्याच्यावर कंपनीचं नावसुद्धा धड छापलेलं नाही! आणि माझा कॉम्प्युटर? मुलाने अमेरिकेहून पाठवलाय!"

तसा तो अमेरिकेहून आला नव्हता. छी-पिन कॅलिफोर्नियात होता आणि तीन वर्षं नववर्षाला येतो येतो म्हणत होता. चौथ्या वर्षी म्हणाला, "बाबा, यंदा नाही जमत. त्यापेक्षा तुम्हाला कॉम्प्युटरच घेऊन देतो." पैसे तिकडून आले, पेटी इथल्याच दुकानातून आली. मुलाने कॉम्प्युटर पाठवला, हे वेंग यांनी गल्लीभर सांगितलं. मुलगा आला नाही, हे सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं.

कॉम्प्युटरपाठोपाठ छी-पिनने एक डीव्हीडीही पाठवली. मुखपृष्ठावर हेलिकॉप्टर, हेलिकॉप्टरखाली आग आणि आगीपुढे एक घामाघूम माणूस. वेंग यांनी ती ड्राइव्हमध्ये घातली, खुर्चीत रेलून बसले आणि पडद्यावर पाटी आली: या डिस्कचा विभाग वेगळा आहे.

लगेच कॅलिफोर्नियाला फोन! तिकडे पहाट होती.

"बाबा," छी-पिन जांभई देत म्हणाला, "सिनेमावाल्यांनी जग वाटून घेतलंय. अमेरिकेचा विभाग एक, जपानचा दोन, आपल्या बेटाचा तीन, समुद्रापलीकडे चीनचा सहा. ज्या विभागाची डीव्हीडी, त्याच विभागाचा ड्राइव्ह लागतो."

"म्हणजे डीव्हीडीलासुद्धा व्हिसा?"

"तसंच समजा. सेटिंगमध्ये जा, देशांची यादी येईल, अमेरिका निवडा. पण बाबा, खाली आकडा बघा. किती आहे?"

"चार."

"म्हणजे चारदाच बदलता येईल. चौथ्यांदा जो विभाग टाकाल, तो कायमचा! नीट ऐकलंत ना?"

ऐकलं होतं. पण अडतीस वर्षं आकडे वाचलेला माणूस एका आकड्याला थोडाच भिणार! फोन ठेवून ते बायकोला म्हणाले, "पोरगं घाबरट आहे. अगं, कुठलाही आकडा महिनाअखेरीस घेतात. एक तारीख आली की नवा महिना, नवा आकडा!"

युए-श्या ओट्याशी कोळंबी सोलत होती. चाळीस वर्षांच्या संसारात तिने मान वर न करता बोलायची कला साधली होती.

"कुणाला तरी विचारून करा."

"विचारायला माझ्यावर आहेच कोण?"

अमेरिका! क्लिक! चाराचे तीन झाले. हेलिकॉप्टर उडालं, घामाघूम माणसाने पुलावरून उडी मारली, आणि वेंग चाळिसाव्या मिनिटाला घोरू लागले.

आठवड्याने युए-श्याने आपली आवडती ऑपेराची डीव्हीडी आणली. इथलीच, तीन नंबरची. ती चालेना! वेंग यांनी "हात्तिच्या!" म्हणत विभाग परत तीनवर आणला. तिनाचे दोन झाले. तेवढ्यात लियावचा मेहुणा समुद्रापलीकडून एका बादशाही मालिकेची डीव्हीडी घेऊन आला आणि लियाव बाकावर सहज म्हणाला, "ही तुझ्या पेटीवर नाही हं चालायची. माझ्या डब्यावर काल तीन भाग बघितले."

"नाही चालायची? चल! आत्ताच्या आत्ता चल!"

पाच माणसं वेंग यांच्या बैठकीत शिरली. चीन! क्लिक! बादशहा दरबारात आला, खोकला, दासीने त्याला चहा दिला.

"चालतेय की नाही?"

"चालतेय बाबा," लियाव म्हणाला. "पण हा भाग मी बघितलाय. ती दासी विष घालते." आणि पाचही माणसं उठून गेली.

दोनाचा एक झाला. आता कॉम्प्युटर चीनमध्ये, आणि परतीला एकच तिकीट शिल्लक! वेंग यांना काही फिकीर नव्हती. एक तारखेला सकाळी उठून त्यांनी चष्मा चढवला आणि आकडा बघितला. एक. दोन तारखेला बघितला. एक. पाच तारखेपर्यंत ते बघत राहिले. माणसाच्या आयुष्यात कधी तरी असा महिना येतो, की कुणीच आकडा घ्यायला येत नाही.

सहा तारखेला जपानहून पाकीट आलं.

इथे पेइ-रूबद्दल सांगायला हवं. पेइ-रू ही वेंग यांची धाकटी मुलगी. पोस्टाची परीक्षा देऊन खिडकीमागे बसावं, ही बापाची इच्छा. तिला सिनेमातले कपडे शिवायचे होते, आणि तेही जपानला जाऊन शिकायचं होतं! सहा वर्षांपूर्वी याच बैठकीत मोठा तमाशा झाला. "शिंपीणच व्हायचंय तर आपल्या गल्लीत काय सुया मिळत नाहीत?" असं वेंग ओरडले. आणि शेवटी म्हणाले, "जायचं तर जा! पण मग या घरात फोन करू नकोस!" पेइ-रूने आयुष्यात बापाचं एकच ऐकलं, ते हे. सहा वर्षांत वेंग यांच्या घरात तिचा एकदाही फोन आला नाही. वेंग यांनीही केला नाही. कसा करणार? त्यांच्याकडे नंबरच नव्हता, आणि मागायचा तर बायकोकडे मागावा लागला असता.

पाकिटात एक डीव्हीडी होती. वर छत्री घेतलेला एक म्हातारा. चिठ्ठी नाही, पत्र नाही. फक्त पाकिटावर लिहिलेलं होतं: बाबांसाठी.

"ठेव तिकडे," वेंग म्हणाले आणि पेपर उघडला. पेपर उलटा होता.

"बघायची नाही?"

"वेळ कुणाला आहे?"

निवृत्त होऊन त्यांना सात वर्षं झाली होती.

पुढचे तीन दिवस डीव्हीडी कपाटावर आणि वेंग कपाटाभोवती! युए-श्या बाहेर गेली की ते ती उचलायचे, मागची बारीक अक्षरं वाचायचे, खाली ठेवायचे. दोन नंबर, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बघून ठेवलं होतं. एकदा तर त्यांनी बंद दाराआड मुलाला फोनही केला.

"छी-पिन, एका मित्राला विचारायचंय. समज त्याच्याकडे एकच वेळ उरलीय आणि जपान लावायचंय."

"बाबा, तुमच्या मित्राला सांगा, चष्मा लावून, सावकाश, जपानवर क्लिक करा. घाई नको. मग तो ड्राइव्ह कायमचा जपानचा होईल."

"होऊ दे," वेंग म्हणाले. आणि मग गडबडीने, "म्हणजे, मित्राची हरकत नाही."

मंगळवारी सकाळी युए-श्या नेहमीप्रमाणे बाहेर पडली. मंगळवारी ती दहाला जायची ती साडेअकराला यायची. बाजार, असं ती सांगायची. वेंग यांनी दार लावलं, चष्मा पुसला, पुन्हा पुसला, खुर्ची पुढे ओढली. सेटिंग उघडलं. यादी आली. जगात एवढे देश आहेत, हे त्यांना तोवर ठाऊकच नव्हतं! माऊस धरून ते पडद्यावर वाकले. खुराड्यामागचा मीटरसुद्धा त्यांनी कधी एवढ्या जवळून वाचला नव्हता. हळूहळू, हळूहळू ते खाली सरकले. जपान दिसला!

आणि बाहेर युए-श्याच्या चपला वाजल्या. पावणेअकरालाच!

आता यात घाबरण्यासारखं काय होतं? स्वतःचं घर, स्वतःचा कॉम्प्युटर, स्वतःची मुलगी. पण तिन्हींपैकी शेवटची गोष्ट बायकोसमोर कबूल करायची वेंग यांची तयारी नव्हती. त्यांनी धडाधड क्लिक केलं. पाटी आली: हा बदल कायमचा आहे, नक्की करायचा? हो! अजून एक पाटी. हो हो! कडी वाजली, आणि त्यांनी पडद्याकडे बघितलं. चालू विभाग: चार. देश: जमैका.

यादीत जपानला अगदी लागूनच जमैका होता.

"काय करताय?" युए-श्याने दारातून विचारलं.

"हवामान बघतोय."

"कुठलं?"

वेंग यांनी चष्मा काढून पुसला. "जमैकाचं," ते म्हणाले.

तिने पिशवी खुंटीला अडकवली. पिशवीत भाजी नव्हती, हे मात्र वेंग यांच्या लक्षात आलं नाही. त्या दिवशी त्यांच्या लक्षात काहीच येण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटरची पेटी स्कूटरच्या मागे दोरीने करकचून बांधली आणि दुकान गाठलं. दुकानवाली छ्यूबाई चाळिशीची, कपाळावर भिंग अडकवलेली, कमी बोलणारी. तिने पेटी लावून बघितली. मग वेंग यांच्याकडे बघितलं. मग पुन्हा पेटीकडे.

"जमैकाला कोण आहे तुमचं?"

"कुणी नाही! ते परत बदला."

"हे आता माझ्याच्याने काय, कुणाच्याच्याने होणार नाही काका. ड्राइव्हच बदलावा लागेल. मागवते, दोन आठवडे लागतील. तोवर जमैकाची डीव्हीडी मिळाली तर आणा, झकास चालेल."

"चेष्टा करतेस?"

"नाही हो. फार घाई असेल तर साधा प्लेअर घ्या, सगळं चालतं त्याच्यावर. तुमच्या समोरचे लियाव माझ्याकडूनच घेऊन गेले."

लियावचा तोच डबा हातात घेऊन, लियावच्या दारावरून, लियावच्या डोळ्यांदेखत घरी जायचं! वेंग यांनी पेटी पुन्हा स्कूटरला बांधली. येताना दोरी सुटली. पेटी मासळीबाजाराच्या वळणावर रस्त्यात आडवी झाली आणि ट्यूना मासे नेणाऱ्या हातगाडीवाल्याने ती उचलून दिली. त्यानंतर जमैकाच्या त्या कॉम्प्युटरला कायमचा ट्यूनाचा वास यायला लागला.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर युए-श्याने हात पुसले, कपाटावरची डीव्हीडी उचलली आणि चप्पल घातली.

"कुठे निघालीस?"

"लियावकडे. सिनेमा बघायला."

"माझी डीव्हीडी आहे ती! माझं नाव आहे पाकिटावर!"

"मग चला."

"मी? त्या डब्यावर?"

"मग बसा हवामान बघत," ती म्हणाली आणि गेली.

वेंग यांनी दहा मिनिटं कळ काढली. मग लियावकडून कधी तरी आलेला एक वाडगा त्यांनी फळीवरून शोधून काढला, तो परत करण्याच्या निमित्ताने रस्ता ओलांडला, आणि सगळे बसलेच आहेत तर उभं तरी किती राहायचं म्हणून बसले. लियाव, लियावची बायको आणि गल्लीतल्या दोघी जणी. भोपळ्याच्या बिया, चहा. लियाव एक अक्षर बोलला नाही. टोमणा नाही, खाकरणं नाही. वेंग यांना तेच जास्त झोंबलं.

डब्याने डीव्हीडी गिळली आणि मुकाट चालवली.

सिनेमा कसा होता म्हणाल, तर दोन तास एक म्हातारा छत्र्या दुरुस्त करत होता. मध्ये एकदा पाऊस आला, तेव्हा त्याने त्यातली एक उघडली. एवढंच. लियावच्या बायकोचा अर्ध्यात डोळा लागला. पण वेंग खुर्चीच्या टोकावर येऊन बसले होते.

"ते जाकीट बघा!" ते एकदम ओरडले. लियावची बायको दचकून जागी झाली.

"कुठलं? ते फाटकं?" लियावने विचारलं.

"फाटकंच! कोपरावर बघ, दोन्ही हातांना सारखं नाही फाटलेलं. उजव्या हाताने तो छत्री धरतो, म्हणून उजवं जास्त झिजलंय! आहे का अक्कल? नवं शिवायला कुणीही शिवेल. असं जुनं शिवायला डोकं लागतं!"

सहा वर्षांत वेंग पेइ-रूबद्दल पहिल्यांदाच बोलले होते, आणि तेही कोपरावरून. युए-श्या पडद्याकडे बघत राहिली. तिच्या हातातल्या बिया तशाच होत्या.

सिनेमा संपला. काळ्या पडद्यावर नावं वर सरकू लागली. जपानी लिपीत नावं असली तरी त्यातली अक्षरं तीच, आपली चिनीच; वाचता येण्यासारखी. वेंग उठून पडद्याला नाक लावून उभे राहिले. अडतीस वर्षं अंधाऱ्या कोपऱ्यात आकडे टिपलेली नजर! वेशभूषा, असं आलं. खाली सात नावं. त्यात वेंग हे आडनाव नव्हतं.

"मागे घे! पुन्हा लाव!"

लियावने मागे घेतलं. पुन्हा नाही.

"थांबव! इथे थांबव!"

डब्याने चित्र जागच्या जागी धरून ठेवलं. वेंग यांनी बोटाने एकेक नाव मोजलं. पाचव्या नावावर बोट थबकलं. पेइ-रू. अक्षरं तीच, आजोबांनी पंचांग बघून ठेवलेली. पण पुढे दुसरंच काही: ओनुकी. ओनुकी पेइ-रू.

"चूक आहे ही," वेंग म्हणाले. "आडनाव चुकवलंय गाढवांनी! एवढा सिनेमा काढतात आणि एक नाव धड छापता येत नाही? कळवायला पाहिजे. पत्र लिहितो मी."

लियाव एक बी अशी निरखून सोलत होता, जशी काही आत अंगठी असावी. गल्लीतल्या दोघी जणींना एकाच वेळी घरची कामं आठवली, पण उठायचं कुणाला सुचेना.

"चूक नाही," युए-श्या म्हणाली.

"म्हणजे?"

"लग्न झालंय तिचं. दोन वर्षं होतील. नवऱ्याचं आडनाव ओनुकी. लाकडाचं काम करतो, सिनेमाची घरं-बिरं उभी करतो. चांगला आहे."

वेंग यांनी पडद्यावरचं बोट काढलं नाही. जणू काढलं तर नाव पुढे सरकून जाईल.

"तुला कुणी सांगितलं?"

"तिनेच. मंगळवारी फोन येतो तिचा. आपल्या घरात करायचा नाही, असं तुम्हीच सांगितलंत ना? म्हणून इथे येतो."

"इथे?" वेंग यांनी लियावकडे बघितलं. लियावने बीकडे बघितलं. "छी-पिनला ठाऊक आहे?"

"तो जाऊन आला की लग्नाला."

कॅलिफोर्नियाहून जपानला! आणि तिथून इथवर येणं तेवढं जमलं नव्हतं. वेंग यांच्या घशातून कसला तरी आवाज आला. तो खोकला होता, असं त्यांनी नंतर सांगितलं.

"अजून काही आहे? असेल तर एकदाच सांगून टाक."

युए-श्याने बिया ताटलीत ठेवल्या. "मुलगा आहे. नऊ महिन्यांचा. तोमोया."

"तोमो..." वेंग म्हणाले. "तोमोय..." पुढचं जमेना. नातवाचं नाव होतं, आणि जिभेला परकं लागत होतं.

ते खुर्चीत येऊन बसले. लियावच्या बायकोने त्यांच्या कपात चहा ओतला. तो भरून वाहिला तरी ती ओततच होती.

"मला कुणी सांगितलं का नाही?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता, बाकावरचा नव्हता.

"तुम्हाला सांगायचं म्हणजे आधी तुम्ही विचारायला हवं," युए-श्या म्हणाली. "सहा वर्षं वाट बघितली मी. एकदा तरी विचाराल, कशी आहे पोरगी. हवामान बघत बसलात."

लियावने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "आठ महिन्यांपूर्वी माझ्या घरून तेलभात आला होता, आठवतं तुला? कोळंबी आणि मशरूम घातलेला? मी म्हटलं, माझ्या भाचीच्या मुलाला महिना झाला म्हणून वाटतोय."

"आठवतं. मग?"

"मला भाची नाही."

वेंग लियावकडून बायकोकडे वळले.

"मीच रांधला होता," युए-श्या म्हणाली. "बाळाला महिना झाला की गल्लीत तेलभात वाटायचा असतो. आजीने नाही वाटायचा तर कुणी? सगळ्यांना ठाऊक होतं कुणाचा ते. तुम्ही दोन वाडगे खाल्लेत."

पडद्यावर नाव तसंच थांबलेलं होतं. बाहेर मासळीची गाडी भोंगा वाजवत गेली. वेंग यांनी ओठांवरून जीभ फिरवली, काहीतरी आठवू लागले, आणि आठवलं तेव्हा त्यांचा चेहरा अगदी पडला.

"त्या दिवशी बाकावर मीच म्हणालो ना," त्यांनी हळूच विचारलं, "की भात खारट झालाय? असला भात वाटण्यापेक्षा न वाटलेला बरा?"

"हो," युए-श्या म्हणाली. "दोनदा म्हणालात."